तिच्या नावाचं नॉमिनेशन लिहिताना

पुणे, 14 जून

प्रिय मनू,

तुझ्या आधीच्या ऑफिसातल्या सीनिअर बाईंचं नाव एफएआयएसाठी, म्हणजे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या (एआयए) फेलोपदासाठी, पाठवायचं ठरलं आणि प्रायोजक म्हणून सगळी फाइल तुझ्याकडे आली, हे ऐकून मला फार आनंद झाला. फोनवर तू म्हणालीस, "आई, त्यांचं काम इतकं आहे की सुरुवात कुठून करू तेच कळत नाही." असल्या गोष्टी बोलण्यापेक्षा लिहिलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र. नोकरीत असताना आणि नंतरही वास्तुकलेच्या पुरस्कारांच्या फायली वाचायचं काम माझ्याकडे बऱ्याचदा यायचं. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला काय दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

कुठून सुरुवात करू याचं उत्तर असं, की कामाच्या यादीपासून करू नकोस. दहा वर्षांचं सभासदत्व ही एआयएची फक्त पात्रतेची अट आहे, आणि शंभर सभासदांत जेमतेम तिघे फेलो असतात. उरलेल्यांनी काय कमी इमारती बांधल्या? भरपूर बांधल्या. ज्युरी विचारते ते वेगळंच: या व्यक्तीमुळे तिच्या ऑफिसाबाहेर, तिच्या शहराबाहेर काय बदललं? ती नसती तर काय झालं नसतं? याचं उत्तर तुला एका वाक्यात देता आलं पाहिजे. तुमच्या अर्जात तो सारांश 35 शब्दांचा असतो. आधी तो लिही, आणि तो जमेपर्यंत बाकी काही लिहू नकोस. पुढचं प्रत्येक पान, प्रत्येक फोटो, प्रत्येक पत्र त्या 35 शब्दांचा पुरावा म्हणूनच फाइलमध्ये यायला हवं. पुरावा नसेल तर ते पान कितीही देखणं असलं तरी काढून टाक.

मागच्या जानेवारीत मी तिकडे आले होते तेव्हा तू मला त्यांनी दार बदललेली ती जुनी, भाड्याच्या घरांची इमारत दाखवायला नेलं होतंस, आठवतं? फुटपाथवर बर्फाचा चिखल आणि वारा अंगाला झोंबत होता. वॉकर घेतलेल्या एक आजीबाई आणि त्यांच्या मागून पोस्टमन, दोघेही एकाच दारातून आत गेले. मी तेव्हा तुला विचारलं होतं की पायऱ्या कुठे आहेत. तू सांगितलंस, की पूर्वी दारात तीन पायऱ्या होत्या. तुमच्या 1990 च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे रॅम्प करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तेवढी जागा पुढे नसते, म्हणून सगळे रॅम्प नेऊन टाकतात मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाने आयुष्यभर मागच्या दाराने घरी जायचं.

तुझ्या बाईंनी दारच फुटपाथच्या पातळीवर उतरवलं आणि उंचीचा फरक आत घेतला. दोन्ही बाजूंनी उघडणारी लिफ्ट बसवली: एका बाजूने फुटपाथच्या पातळीवर, दुसऱ्या बाजूने तळमजल्यावर. मग बर्फाचं पाणी आत येईल म्हणून बाहेरच्या फरशीला दारापासून दूर जाणारा हलका उतार दिला, तोही 48 ला 1 च्या आत, म्हणजे चाक घसरणार नाही. दारासमोर जाळीचा चर घेतला आणि वर छत पुढे काढलं. उंबरा जवळजवळ नाहीच. कायदा अर्ध्या इंचापर्यंत परवानगी देतो, त्यांनी तीही वापरली नाही.

मनू, नॉमिनेशन इथे आहे. पुढे तो सगळा तपशील त्यांनी इतर ऑफिसांना मोकळ्या हाताने देऊन टाकला, गृहनिर्माण संस्थांनी तो आपापल्या नियमावलीत घेतला, असं तूच सांगितलंस. मग सारांश असा काहीसा होईल: "बर्फाच्या शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींचं पुढचं दारच पायरीविना करता येतं हे त्यांनी सिद्ध केलं, आज त्यांचा तपशील इतर वास्तुविशारद आणि गृहनिर्माण संस्था वापरतात, आणि मागच्या दाराची सक्ती संपते आहे." इंग्रजीत तू तो तुझ्या पद्धतीने बसवशीलच. पण यात 'दूरदर्शी', 'अतुलनीय', 'समर्पित' असं काही नाही, हे बघ. विशेषणं वाचून ज्युरीचे डोळे पुढे सरकतात. ते थांबतात क्रियापदाशी: सिद्ध केलं, बदललं, वापरतात.

यातूनच गट कुठला निवडायचा तेही ठरतं. डिझाइन, व्यवसायातलं किंवा शिक्षणातलं काम, संस्थेचं नेतृत्व, समाजासाठीचं काम, असे वेगवेगळे रस्ते आहेत, आणि तुझ्या बाईंनी थोडं थोडं सगळीकडे केलेलं आहे. म्हणून सगळं थोडं थोडं लिहायचा मोह तुला होणार. पण एकच गट घे. विद्यापीठात त्यांनी शिकवलं, एआयएच्या स्थानिक शाखेच्या, म्हणजे चॅप्टरच्या, समितीवर काम केलं, हे सगळं चांगलंच आहे. पण त्या दाराच्या कामाला त्याचा हातभार लागला असेल तेवढंच घे.

आता सगळ्यात नाजूक भाग. प्रत्येक प्रकल्पासाठी जबाबदारीचं निवेदन द्यावं लागतं: डिझाइन मुख्यतः त्यांचं होतं, की त्यांच्या देखरेखीखाली झालं, की त्यांच्या फर्मने केलं. हे शब्द जपून वापर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कोणाची आद्याक्षरं आहेत ते प्रत्येक शीटवर जाऊन बघ. काम कोणी काढलं, कोणी तपासलं, सही कोणाची, हे त्या वेळच्या लोकांना फोन करून विचार. श्रेय वाढवूनही लिहू नकोस आणि कमी करूनही लिहू नकोस. बायकांच्या बाबतीत दुसरी चूक जास्त होते, म्हणून मी मुद्दाम सांगते.

तुमच्याच देशातली उदाहरणं आहेत. लुईस बेथ्यून 1888 मध्ये एआयएची पहिली स्त्री सभासद झाली आणि 1889 मध्ये पहिली स्त्री फेलो. पण नॉर्मा स्क्लारेक 1980 मध्ये फेलो होणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, म्हणजे मध्ये नव्वद वर्षं गेली. लॉस एंजेलिसचं पॅसिफिक डिझाइन सेंटर उभं राहिलं त्यात तिचा मोठा वाटा होता, आणि नाव मात्र तिच्याबरोबर काम करणाऱ्या सीझर पेल्लीचंच घेतलं गेलं. 1991 चं प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं फार मानाचं पारितोषिक, एकट्या रॉबर्ट व्हेंचुरींना मिळालं. डेनिस स्कॉट ब्राउन कित्येक वर्षं त्यांच्या बरोबरीने काम करत होत्या, तरी त्यांचं नाव नव्हतं. 2013 मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी सह्यांची मोहीम काढली, प्रित्झकरने निर्णय बदलला नाही. पण त्याच वर्षी एआयएने आपल्या सुवर्णपदकाचा नियम बदलला, ते दोघांना मिळून देता येईल असं केलं, आणि 2016 मध्ये ते त्या दोघांना मिळालं. ज्युलिया मॉर्गनने सातशेच्या वर इमारती केल्या आणि 1957 मध्ये ती गेली. तिला सुवर्णपदक मिळालं 2014 मध्ये. तोपर्यंत ते एकाही स्त्रीला मिळालेलं नव्हतं. मला हे वाचताना दर वेळी वाटतं, की कोणीतरी वेळेवर बसून फाइल नीट केली असती तर! काम तर तेव्हाही तेवढंच होतं. तुझ्या बाई हयात आहेत, कामात आहेत, आणि फाइल तुझ्यासारख्या नीटनेटक्या मुलीच्या हातात आहे.

म्हणूनच, दुसऱ्यांची नावंही लिही. त्या लिफ्टचं स्ट्रक्चर कोणी सोडवलं, ड्रेनेज कोणाचं, ते स्पष्ट लिही. बाकीच्यांना त्यांचं श्रेय दिलेलं दिसलं की बाईंचं म्हणून जे लिहिलंय त्यावर विश्वास बसतो.

पत्रांबद्दल. मोजकीच पत्रं जोडता येतात, म्हणून मोठ्या नावांच्या मागे लागू नकोस. प्रसिद्ध माणसाचं "मी यांना अनेक वर्षं ओळखतो" हे पत्र मी पुष्कळ वेळा वाचलंय आणि त्याने कधीच काही हललेलं पाहिलं नाही. ज्या गृहनिर्माण संस्थेने तपशील नियमावलीत घेतला तिच्या अधिकाऱ्याचं पत्र घे. दुसऱ्या शहरातल्या, बाईंशी काही देणंघेणं नसलेल्या आणि त्यांचं ड्रॉइंग वापरून आपली इमारत केलेल्या वास्तुविशारदाचं घे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या कोणाचं घे. प्रत्येकाला वेगळा मुद्दा सांग. "तुम्ही हा प्रसंग लिहा, तो दुसरं कोणी लिहू शकणार नाही," असं विनवून सांग. नाहीतर सगळी पत्रं एकाच घरी शिजल्यासारखी लागतात. आणि लवकर माग, लोकांना वेळ लागतो.

फोटोंचं तर मी मुद्दाम लिहिणार होते. वास्तुकलेच्या आगाखान पुरस्कारात निवडीच्या यादीत आलेल्या प्रकल्पाच्या जागेवर तज्ज्ञ स्वतः जाऊन येतात, राहणाऱ्यांशी बोलतात. आपल्या पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला 1995 मध्ये तो मिळाला. अरण्यसारखं काम, जिथे जोतं आणि संडास-न्हाणी एवढंच देऊन बाकी घर लोकांनी आपापलं वाढवायचं होतं, ते जागेवर गेल्याशिवाय कळणं कठीण. तुमच्या ज्युरीला कागदच बघायचा आहे. म्हणून संध्याकाळच्या निळ्या उजेडातला तो नेहमीचा फोटो एक पुरे. मला हवा तो फोटो म्हणजे दारातून आत जाणारी माणसं, भर बर्फात, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याच्या शेजारी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं ड्रॉइंग, ज्यात फुटपाथ, चर, दार, लिफ्ट, तळमजला एका रेषेत दिसतील. आणि आधीच्या तीन पायऱ्यांचा एक जुना फोटो शोधून काढ, तो फार महत्त्वाचा आहे. फोटोग्राफरची परवानगी लेखी घेऊन ठेव, ऐन वेळी तीच अडते.

त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाच, जुन्या अर्जांवरून अंदाज बांधू नकोस. आणि बाईंशी एकदा निवांत बस. त्यांना "तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं" असं विचारू नकोस, "कोणत्या बैठकीत तुम्हाला नाही म्हणाले होते" असं विचार. त्यातून खरी हकीकत निघेल.

या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी परत पाठवता येतं, म्हणून पत्रं, परवानग्या, तारखा सगळं एका जागी नीट लावून ठेव. मसुदा झाला की आधी ते 35 शब्द मला पाठव, बाकीची फाइल नंतर. आणि तो सेक्शन मोठा करून पाठव, फोनवर मला चर कुठे संपतो तेच दिसत नाही.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
आई