आधी मोजा, मग पद्धत निवडा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कंपनीतील कामाची घडी नव्याने बसवायची ठरली की 'लीन (वाया जाणारा वेळ व श्रम काढण्याची पद्धत) की सिक्स सिग्मा (आकडेवारीने चुका कमी करण्याची पद्धत)?' हाच प्रश्न आधी निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा सल्लागाराकडे कुठले प्रमाणपत्र आहे यावर ठरते. त्याऐवजी निकाली निघालेली शेवटची 40-50 प्रकरणे काढावीत. प्रत्येक टेबलावर प्रकरण कधी आले, कधी हातात घेतले आणि कधी पुढे गेले, एवढे टिपावे. बैठकीत आठवणीवरून काढलेला नकाशा चालत नाही. त्यात काम कसे व्हायला हवे ते उतरते, परत आलेले अर्ज आणि फोनवरच्या चौकश्या गळतात.

12 दिवसांच्या प्रवासात प्रत्यक्ष काम 50 मिनिटांचे निघाले, तर माणसांना घाई करून काही साधणार नाही. 200 अर्ज पडून असतील आणि रोज 20 निघत असतील, तर नव्या अर्जाला सरासरी 10 दिवस लागणारच. इथे लीनचा उपयोग: गठ्ठे लहान करणे, सह्या कमी करणे. ढीग एकाच टेबलावर साचत असेल तर व्यवस्थापनतज्ज्ञ गोल्डरॅट यांची अडथळ्यांची मीमांसा (आधी तो एकच अडथळा मोकळा करायचा) पुरते. त्याच्या आधीची टेबले सुधारून उलट ढीग वाढतो. प्रत्येक टेबलावरचा माणूस 100 टक्के कामात गुंतलेला असावा, हा हट्टही महाग पडतो. साध्या रांगेच्या गणितात 80 टक्के भारावर सरासरी प्रतीक्षा कामाच्या वेळेच्या 4 पट असते, 95 टक्क्यांवर 19 पट.

दोष चुकांचा असेल तरच सिक्स सिग्मा. पाच टप्प्यांवर प्रत्येकी 95 टक्के अचूकता ऐकायला बरी वाटते, पण पहिल्याच फेरीत निर्दोष पार पडणारी प्रकरणे 77 टक्केच. मात्र चूक कशाला म्हणायचे यावर दोन तपासनीसांचे एकमत नसेल, तर पुढचे सगळे आलेख व्यर्थ.

मुळापासून फेररचना ही शेवटची पायरी. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात (पुरवठादारांचे पैसे चुकवणाऱ्या) 500 हून अधिक माणसे होती, जपानी मोटार कंपनी माझ्दाकडे 5. फोर्डने बीजकच काढून टाकले; माल दाराशी आल्यावर तो संगणकातील खरेदी-आदेशाशी जुळवायचा आणि पैसे द्यायचे. मनुष्यबळ 75 टक्क्यांनी घटले. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी 1990 मध्ये हे उदाहरण मांडले. त्याची नक्कल करणारे एक विसरतात: दाराशी होणारी नोंद बिनचूक नसेल, तर चुकीचे पैसे फक्त लवकर जातात.

आहे तीच प्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये उतरवणे ही तर सुधारणाच नव्हे. सात सह्यांच्या जागी सात क्लिक येतात. नवी रचना आधी एकाच प्रकारच्या प्रकरणांवर चालवावी, जुनी शेजारी चालू ठेवावी आणि कोणता आकडा किती घसरला तर प्रयोग थांबवायचा, हे सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. नंतर ते ठरवू पाहिले, तर खर्च झालेला पैसा निर्णय घेऊ देत नाही.

आपला,
एक वाचक