कोयनेखालच्या गावांना पूरनकाशा द्या : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटले, वक्र दरवाजे एवढे उचलले, साठा इतके टीएमसी (अब्ज घनफूट) झाला, हे पाटण-कऱ्हाडच्या माणसाला लगेच कळते. मात्र सुरक्षेच्या वर्गवारीत धरण कुठे बसते आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही.

ही वर्गवारी दोन प्रकारची असते. एक धरणाच्या प्रकृतीची. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, त्रुटींच्या गांभीर्यानुसार तीन श्रेण्या ठरतात, त्यात पहिली सर्वांत गंभीर. दुसरी वर्गवारी धरण फुटलेच तर खाली किती जीव व मालमत्ता जाईल याची, आणि तिचा धरणाच्या मजबुतीशी संबंध नसतो. १०५.२५ टीएमसी पाणी अडवणारे, खाली कऱ्हाड-सांगली असलेले धरण कितीही भक्कम असो, या वर्गवारीत वरच राहणार. हे न सांगितल्यामुळे एका बातमीने लोक घाबरतात आणि ‘धरण सुरक्षित आहे’ एवढ्या एका वाक्यावर निर्धास्तही होतात.

कोयनेच्या बाबतीत असे निर्धास्त राहणे परवडणारे नाही. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई, म्हणून धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा गुणांक अवघा ०.०५ धरला होता, म्हणजे भूकंपाचा आडवा जोर धरणाच्या वजनाच्या फक्त पाच टक्के. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे बसलेला हादरा त्याच्या कित्येक पट निघाला. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या दरवाजांच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना, जिथे धरणाच्या मागच्या (जलाशयाविरुद्धच्या) अंगाचा उतार बदलतो, नेमक्या त्या उंचीवर आडव्या भेगा गेल्या. १०३ मीटर उंचीचे धरण तरीही उभे राहिले. त्या भागांना मागून काँक्रीटचा भक्कम आधार दिला गेला. सांडव्याचे मजबुतीकरण मात्र या शतकात झाले. आपल्या अभियंत्यांचे हे काम मोठे आहे, आणि ते साध्या मराठीत लोकांपर्यंत पोचायला हवे असे मला मनापासून वाटते.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. जुन्या धरणांचे स्वतंत्र तज्ज्ञांकडून पहिले सर्वंकष मूल्यमापन आणि आपत्कालीन कृती आराखडा यांसाठी त्यात पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे डिसेंबर २०२६. ही मुदत कागदावर पाळून भागणार नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण जुलै २०१९ मध्ये फुटले, त्याआधी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. धरणाशेजारच्या माणसाला दिसते, पण त्याचे ऐकणारी व्यवस्था लागते.

म्हणून मागणी अशी, की कोयनेच्या मूल्यमापनाचा मराठी सारांश आणि दोन्ही वर्गवारी जाहीर करा. पूररेषेचे नकाशे प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, पाणी किती वेळात कुठवर येईल हे त्यावर लिहा. धरणफुटीचा नकाशा वेगळा आणि सगळे दरवाजे उघडल्यावरच्या पुराचा वेगळा हवा. दरवाजे उघडण्याची वेळ येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे आणि रोजच्या तयारीला तोच नकाशा कामाचा. भोंग्यांची चाचणी पावसाळ्याआधी, दिवसाढवळ्या, गावकऱ्यांना बोलावून घ्या. रात्री भोंगा वाजला तर म्हाताऱ्या माणसांना आणि जनावरांना कोणत्या वाटेने, कुठल्या उंचीवर न्यायचे, हे त्याच दिवशी प्रत्यक्ष चालून ठरवा.

आपला,
कोयनाकाठचा एक नागरिक