चित्र काढणं हीसुद्धा प्रार्थनाच

संपादक महोदय,
चर्चमध्ये चित्रं लावली की प्रार्थनेवरचं लक्ष उडतं, असं परवाच्या अंकातल्या लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. मूळचे गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढायचे, त्यांनी मरियेला साडी नेसवून आपल्याकडच्या बाईसारखी रंगवली, त्यावरून गोव्यात टीकाही झाली पण त्यांनी काम सोडलं नाही, कारण ती त्यांची भक्तीच होती. आणि कोल्हापूर तर आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांचं गाव! मग नाताळला फ्लेक्स छापून आणण्यापेक्षा मंडळीतल्याच आर्ट शिकणाऱ्या पोरांना चर्चची एक भिंत द्या, म्हाताऱ्या माणसांनाही सोबत ब्रश धरू दे.
– एक वाचक, कोल्हापूर