‘तू वाच, मी लिहितो’ : मशिनची लेव्हल लावून देणाऱ्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण येऊन गेल्याला उद्या तीन महिने पूर्ण होतील. त्या दिवशी निघताना मी आपले आभारसुद्धा धड मानू शकलो नाही, कारण घसा दाटून आला होता आणि सगळ्यांसमोर तसे दिसू देण्याची माझी तयारी नव्हती. तेव्हा राहून गेले ते आज लिहून काढतो आहे, आणि ते उघडपणे लिहितो आहे, कारण माझ्यावर ठपका ठेवला गेला तोही चारचौघांतच.

आमचे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, म्हणजे उभ्या कटरने धातू कापणारे संगणकी मशिन, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवले, तेव्हापासून त्याचे काम बिघडले. पृष्ठभाग सपाट करणाऱ्या फेस कटरने Y दिशेत, म्हणजे पुढे-मागे, शेजारी शेजारी मारलेल्या दोन कटांच्या सांध्यावर नख अडायचे आणि खोल बोअर, म्हणजे आत कोरलेले भोक, भागाच्या बसण्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात येत नसे. जॉब, म्हणजे घडवून दिलेले भाग, परत येऊ लागले. मी त्या मशिनवर नऊ वर्षे उभा आहे. त्याचा आवाज बदलला तरी मला कळतो. मशिन हलवण्याच्या आदल्या दिवशी काढलेला जॉब आणि बसवल्यानंतरचा पहिला जॉब मी शेजारी ठेवून दाखवत होतो, पण ऑपरेटरच्या सांगण्याला पुरावा म्हणून किंमत नसते, हे मला त्या काळात कळले.

आपल्याआधी दोन जण येऊन गेले होते. पहिल्याने टेबल मध्यावर आणले, त्यावर लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध आलेला पाहिला आणि अर्ध्या तासात कागदावर सही करून तो निघून गेला. दुसऱ्याने कंट्रोलरमध्ये बॅकलॅशचे आकडे बदलले. अक्षावर पुढे-मागे होताना जी लांबी हरवते ती त्या आकड्यांनी भरून निघते. झुकलेला अक्ष त्याने सरळ होत नाही, आणि हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. तरीही जॉब सुधारला नाही तेव्हा त्याने मालकांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितले, की मशिन ठणठणीत आहे, मशिन चालवणारा बदलून बघा. या दोघांपैकी एकानेही टेबल पुढे-मागे नेऊन दुसरे रीडिंग घेतले नव्हते. त्या वाक्यानंतर सहा आठवडे मी रोज आपल्या हातावर संशय घेत कामाला येत होतो. जॉब पकडताना दोन-दोनदा तपासत होतो, टूल विनाकारण बदलत होतो, आणि घरी गेल्यावरही कोणाशी बोलण्याची इच्छा होत नसे.

आपण आलात तेव्हा पेटी उघडण्यापूर्वी टेबलावरून तळहात फिरवलात. तीन ठिकाणी हात थांबला. तिथे जुन्या ठोक्यांनी धातूची बारीक कड वर आली होती. ती आपण तेलाच्या दगडाने घासून बसवलीत आणि कापड नव्याने घेऊन टेबल पुसलेत. नंतर लेव्हल ठेवली, रीडिंग घेतले, ती उलट दिशेने फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवली आणि लेव्हलची स्वतःची चूक किती आहे ते आधी काढून घेतलेत. उपकरणावरही आंधळा विश्वास न ठेवणारा माणूस समोर आहे, हे पाहून मला कितीतरी दिवसांनी धीर आला.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. आपण खिशातून चष्मा काढलात, तो हातातच धरलात, माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, “तू वाच, मी लिहितो.” मालक तिथेच उभे होते. लेव्हलजवळ मी वाकलो तेव्हा आपण मला हळूच सांगितलेत, की श्वास बाजूला सोड आणि हात लांब ठेव, अंगाच्या उबेनेही बुडबुडा सरकतो. आपल्या पेनाच्या टोकाकडे मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. मी “तीन रेघा डावीकडे” म्हणालो, आणि आपण मान वर न करता तीन लिहिलेत. एकदाही पुढे येऊन खात्री करून घेतली नाहीत. ज्याच्या हातामुळे माल बिघडतो असे ठरले होते, त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेले आकडे आपण त्या दिवशीच्या सगळ्या कामाचा पाया म्हणून धरलेत. या गोष्टीचे माझ्यावर केवढे ऋण आहे, ते आपल्याला कदाचित जाणवलेही नसेल.

आकडे तर बोलत होतेच. टेबल मध्यावर असताना शून्य, म्हणजे पहिल्याला दिसले तेच. टेबल अगदी पुढे आणले की तीन रेघा डावीकडे, अगदी मागे नेले की तीन रेघा उजवीकडे. त्या लेव्हलची एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर, म्हणजे मीटरभर लांबीच्या पट्टीच्या एका टोकाखाली साध्या कागदाच्या जाडीचा पाचवा हिस्सा सरकवावा एवढाच उतार. पुढच्या आणि मागच्या टोकांत सहा रेघांचा फरक होता, म्हणजे बेड, मशिनचा खालचा पाया, पिळला गेला होता. आपण मशिनच्या मागे जाऊन एकेका लेव्हलिंग बोल्टला हात लावत गेलात, आणि डाव्या कोपऱ्यातला बोल्ट दोन बोटांनी फिरला. तो फिरताना मी पाहिला. त्याच्या खालच्या पॅडवर मशिनचे वजन आलेलेच नव्हते. एवढे अवजड धूड पाच पायांवर उभे होते आणि सहावा पाय लोंबकळत होता.

पुढची दुरुस्ती कशी झाली ते सगळे इथे लिहीत नाही. ती आपल्याला ठाऊक आहे आणि मला पाठ झाली आहे. एवढे मात्र नोंदवतो, की कशालाही हात लावण्यापूर्वी आपण स्पिंडलला, म्हणजे कटर धरून फिरणाऱ्या दांड्याला, डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे सुईचे माप) बांधून टेबलावर ३०० मिलिमीटर व्यासाचा फेरा माझ्याकडून वाचून घेतला होता, आणि त्यात डाव्या-उजव्या दिशेला ०.०४ मिलिमीटरचा फरक आला होता. माझा कटर दर कटाला ६० मिलिमीटर सरकतो. त्या हिशेबाने सांध्यावर आठ मायक्रॉनची (०.००८ मिलिमीटरची) पायरी पडायला हवी, आणि जॉबवर माझे नख अडत होते ते त्याच पायरीला. बेडचा पीळ निघाल्यावर तोच फेरा ०.०१ वर आला. ग्रॅनाइटच्या गुण्यावर Z अक्ष वर-खाली करून पाहिला तर तोही तेवढ्यातच बसला. स्पिंडल हेडच्या बोल्टला आपण पानासुद्धा लावला नाहीत. दुसरा कोणी असता तर त्याने हेडच ढिले करून डायल शून्यावर आणले असते, सही केली असती, आणि फेरा सुधारूनही बोअर वाकडेच राहिले असते, कारण वाकडी वाट Z अक्षाची होती.

मधल्या वेळेत आपण शेडचे मोठे दार बंद करायला लावलेत, कारण उन्हाचा पट्टा कॉलमच्या, म्हणजे मशिनच्या उभ्या खांबाच्या, एकाच बाजूवर पडत होता. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते, म्हणूनच मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान १९३१ पासून जगभर धरले जाते, हे आपण मला सांगितलेत. जर्मनीत गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये यंत्रांच्या अचूकतेच्या चाचण्या आणि त्यांच्या मर्यादा लिहून ठेवल्या, आणि आजच्या आय.एस.ओ. २३० या आंतरराष्ट्रीय मानकातल्या भूमितीच्या चाचण्या त्याच वाटेने आलेल्या आहेत, हेही मला त्या दिवशीच कळले. आपले बोलणे ऐकताना माझ्या मनात आले, की या चाचण्या ज्यांनी घडवल्या त्यांनी बनवणारा आणि वापरणारा यांच्यासमोर एकच आकडा यावा, म्हणूनच घडवल्या असतील. डायल कोणाचा हुद्दा विचारत नाही. आमच्याकडे आलेल्या पहिल्या दोघांना हे माहीत नव्हते असे नाही. आकडा सगळ्यांसमोर मांडण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि मला आजही राग येतो तो याचाच. प्रामाणिक कारागीर आपले माप झाकून ठेवत नाही, आणि दुसऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या कामाला एका वाक्यात मातीमोल करत नाही. असा सभ्यपणा मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण न बोलावता परत आलात. रात्रभरात पॅड बसले असतील, बघून घेऊ, एवढेच म्हणालात. एका ठिकाणी अर्धी रेघ सरकली होती. ती आपण काढलीत, चेक नट पुन्हा आवळलेत, आणि आवळताना काही हलले तर नाही हे मला पुन्हा वाचायला लावलेत. मालक त्या वेळी जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता उभे राहिले. नंतर त्यांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. त्याबद्दल त्यांचाही मी ऋणी आहे, पण ती वेळ आपल्यामुळे आली.

आपण लिहिलेला कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कंट्रोल पॅनेलच्या दाराला आतून लावला आहे. त्यावर दोन्ही दिवसांचे आकडे आहेत आणि तळाशी आपल्या अक्षरात ‘नोंद’ पुढे आपली सही आणि ‘वाचन’ पुढे माझे पूर्ण नाव आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा, असे आपण बजावले होते, म्हणून काल सुट्टीच्या दिवशी मशिन थंड असताना मी टेबल पुसले, हात फिरवला, लेव्हल उलटसुलट ठेवून तिची चूक काढली आणि सहाही पॅड तपासले. पुढे शून्य, मध्ये शून्य, मागे पाव रेघ उजवीकडे. ती मी तशीच राहू दिली आहे आणि आपल्या आकड्यांखाली तारीख घालून लिहिली आहे. शेजारच्या मशिनवरचा नवा मुलगा मदतीला होता. मागचे रीडिंग मी त्याला वाचायला दिले आणि मी लिहिले.

आपला नम्र,
त्या मशिनचा ऑपरेटर