सुध्या, 'टॉप हॅट' बघच

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास की जुने हॉलिवूडचे म्युझिकल म्हणजे स्टोरी काही नाही आणि उगाच नाचतात, त्यावर बोलायचं राहूनच गेलं म्हणून हे लिहितोय, लांबलं तर सहन कर.

'टॉप हॅट', 1935 चा, फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स. स्टोरी म्हणशील तर खरंच काही नाही रे, ती त्याला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते आणि त्यावर अख्खा पिक्चर ओढलाय, कोणी एकदा सरळ नाव विचारलं असतं तर अर्ध्या तासात खेळ खल्लास! पण प्रेम डायलॉगमधे नाहीच्चे, ते सगळं नाचात आहे.

तो लंडनच्या बागेतला पावसाचा सीन घे. ती घोडेस्वारीच्या कपड्यांत, दोघं आडोशाला मंडपात थांबलेत, ही याच्यावर वैतागलेली. तो गातो ते तिच्या पाठीमागे बसून, म्हणजे तिचा चेहरा कसा बदलतोय ते आपल्याला दिसतं, त्याला नाही! मग तो शीळ घालत चालायला लागतो आणि ही मागनं त्याचीच नक्कल करत चालते, तो एक स्टेप टाकतो, ही तीच परत टाकून दाखवते, बराच वेळ एकमेकांना हातही लावत नाहीत. आणि शेवटी काय, तर शेकहँड!! किस नाही काही नाही. मी तर रिवाइंड करून करून बघतो.

आणि कॅमेरा बघ, दोघं डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममधे, कट अगदी मोजके, अस्टेअरचा हट्टच होता तो. आत्ताच्या गाण्यांत सेकंदाला कट, नाचता येतं की नाही कळायची सोयच नाही.

'चीक टू चीक' या गाण्याला जिंजरचा शहामृगाच्या पिसांचा ड्रेस आहे, तिनेच हट्टानं घातलेला. खरा फिकट निळा, ब्लॅक अँड व्हाइटमधे पांढरा दिसतो. शूटिंगला पिसं उडून अस्टेअरच्या अंगभर, तो जाम भडकला, नंतर मात्र तिला 'फेदर्स' म्हणून चिडवायचा आणि सोन्याचं छोटं पीसही दिलं त्यानं. नीट बघितलंस तर गाण्यात एखाददुसरं पीस उडताना दिसेलही. गाणी सगळी संगीतकार अर्व्हिंग बर्लिनची, हे तुला माहीत असेलच.

व्हेनिसचा सेट मात्र मला अति वाटतो, स्टुडिओत कालवे आणि पूल बांधून बसलेत, तेही अमेरिकेत मंदी चालू असताना, पण कदाचित म्हणूनच लोकांनी तिकिटं काढली असतील. 'पिकोलिनो' गाणंही लांबलंय, तेव्हा चहा टाकून ये. बेट्स नावाचा नोकर चुकवू नकोस पण, स्वतःला 'आम्ही' म्हणतो, थेट पेशवाईतनं आल्यासारखा.

वहिनींनाही बसव सोबत. आणि तो शेकहँड बघून झाला की फोन कर, मग भांडू.

तुझा,
बाळ्या