शिवसागराच्या काठावर मुक्कामाची परवानगी नेमकी मागायची कुणाकडे?

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार. आपण कामाच्या व्यापात असता, म्हणून थोडक्यात लिहितो.

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला मला, बायकोला आणि मुलीला कोयना धरणाच्या बॅकवॉटरच्या, म्हणजे शिवसागराच्या काठावरून उठवून हाकलण्यात आलं. तंबू शेताच्या मालकाला विचारूनच लावला होता; संध्याकाळी झुणका-भाकरी त्याच्याच घरची. जागा अभयारण्यात नव्हती, अलीकडच्या काठावर होती. आलेले दोघे कुठल्या खात्याचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ‘वरून ऑर्डर आहे’ म्हणाले आणि दंड घेतला. पावती मागितली तर म्हणे, ‘पावती पायजे आसंल तर केस हुईल.’ दवानं भिजलेला तंबू तसाच गुंडाळला आणि कासच्या घाटानं, दहा फुटांपुढचं दिसत नसताना साताऱ्याला आलो. पोरगी मागच्या सीटवर लाइफ जॅकेट घालूनच झोपली होती.

आता आपण म्हणाल, रीतसर परवानगी काढायची. साहेब, तेच तर केलं! पहिल्या कार्यालयात सांगितलं, पाणी आमचं, काठ आमचा नाही. दुसऱ्यात, जंगल आमचं, पाणी आमचं नाही. तिसऱ्यात बोटीचा इंजिन नंबर मागितला. कयाकला इंजिन नसतं, ती वल्ह्यानं चालते, म्हटल्यावर ‘रकाना मोकळा सोडता येत नाही’ म्हणून फॉर्म परत.

बेत साधा होता. तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी एकत्र येतं. तिथून दोन-तीन दिवस वल्हवत खाली जायचं आणि रात्री काठावर राहायचं. त्यासाठी आधी पाहणी करावीच लागते, कारण हे धरण आहे. पावसाळा संपता संपता पाणी झाडीला टेकलेलं असतं. मे महिन्यात त्याच जागी पिंढरीपर्यंत पाय रुतेल असा गाळ, मध्ये मध्ये जुन्या घरांची जोती. दुपारी वारा सुटला की रुंद पात्रात छोटी बोट आडवी व्हायला लागते. तेव्हा कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी आडोसा मिळेल आणि बोट कुठं ओढून घेता येईल, हे लाँचवाल्यांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारून एक नकाशा छापायला आपल्या खात्याला किती खर्च येईल? आपल्या फोटोच्या एका जाहिरातीपेक्षा कमीच.

पलीकडच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर मुक्कामाला बंदी आहे, ती योग्यच आहे. २०१० पासून तो भाग व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं शेकोट्या पेटवायला कुणी मागत नाही. पण काठावर बाटल्या फोडून स्पीकर लावणारी टोळकी मीही पाहिली आहेत. त्यांना का कुणी उठवत नाही? की गाडीच्या काचेवर पाटी असली म्हणजे पर्यावरणाला धोका नसतो?

२०२४ मध्ये याच पाण्याच्या काठावर मुनावळ्याला जलक्रीडा केंद्राचं उद्घाटन झालं. झालं ते चांगलंच झालं. तिकीट काढून पाण्यात उतरणारा पर्यटक, आणि स्वतःच्या हातानं वल्हं मारणारा मात्र संशयित! ज्याच्याकडून ठेकेदाराला काही मिळत नाही, त्याच्यासाठी धोरण नसतं, असंच समजायचं का?

आणि हे पाणी कुणाचं, हेही एकदा सांगाच. माझ्या आईचं आजोळ याच पाण्याखाली आहे. शंभरएक गावं उठली म्हणतात. आकडा इकडेतिकडे असेल, खरा आपल्या कपाटात असेल. १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण झालं, १९६० मेगावॅटची वीज झाली, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा झाली. उठलेल्यांच्या जमिनीच्या फायली मात्र साठ वर्षांनंतरही या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. कांदाटी खोऱ्यातल्या बाईला दवाखाना गाठायचा तर लाँचची वाट बघत काठावर बसावं लागतं. तिथं रात्री-अपरात्री कुठल्याच खात्याची गाडी का पोचत नाही? दंड घ्यायला मात्र बरोबर पोचते.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. बिनइंजिनाच्या बोटीला कुठं परवानगी मिळते आणि मुक्काम कुठं चालतो, हे एका कागदावर लिहून तापोळा आणि बामणोलीच्या धक्क्यावर लावा. आणि त्या कागदाखाली सही एकाच खात्याची असू द्या. मे महिन्यात पाणी उतरायच्या आत मला पुन्हा जायचं आहे. अर्ज चार प्रतींत तयार ठेवलाय. टेबल कुठलं, तेवढं कळवा.

आपला,
एक करदाता, सातारा