शुभेच्छुकांच्या गर्दीत शहर कुठं आहे? नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

एका महापालिकेच्या जनसंपर्क कक्षात माझी एकोणीस वर्षं गेली. सकाळी वर्तमानपत्रांची कात्रणं, दुपारी प्रेसनोट, संध्याकाळी खुलासा. खड्डा बुजण्याआधी खड्ड्याचा खुलासा निघतो, तो मी स्वतःच्या हातानं टाइप केलेला आहे. एका जूनमध्ये 'नालेसफाई पूर्ण' अशी प्रेसनोट मी दिली आणि त्याच रात्री माझ्याच गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं. सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "साहेब, तुमची बातमी वाचली."

निवृत्तीनंतर मला एका माणसाचं वेड लागलं. शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करणारा न्यूयॉर्कचा ग्रोव्हर व्हेलन. कोटाच्या भोकात कायम गार्डेनियाचं फूल, तलवारकट मिशी, आणि बंदरावर पाहुणा उतरला की पहिलं हस्तांदोलन याचं. १९१८मध्ये महापौर हायलन यांचा सचिव म्हणून तो पालिकेत आला, त्याआधी वानामेकरच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये होता. ज्या खात्याचा पुढं तो आयुक्त झाला, त्याच खात्यामार्फत १९२४मध्ये शहराचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू झालं. विचार करा, पालिकेचा रेडिओ! आमच्याकडं पालिकेची वेबसाइट आठवडाभर बंद असते. १९२७मध्ये विमानानं एकट्यानं अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गची मिरवणूक ब्रॉडवेवरून निघाली तेव्हा खिडक्याखिडक्यांतून कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडला. त्या स्वागताचा कारभार व्हेलनकडं होता. (झाडू कुणी मारला, याची मात्र तसबीर लागत नाही.)

मग त्याला पोलीस आयुक्त केलं, आणि माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट इथं सुरू होते. ६ मार्च १९३० रोजी युनियन स्क्वेअरमध्ये बेकारांचा मोर्चा आला. हार घालणाऱ्या हाताखालच्या पोलिसांनी तिथं दंडुके चालवले. काही आठवड्यांनी व्हेलननं वाजतगाजत कागदपत्रं बाहेर काढली : रशियाची व्यापारी कंपनी अमेरिकेत बंडाची चिथावणी देते म्हणे. एका पत्रकारानं शोध घेतला, तर त्या पत्रांचे लेटरहेड न्यूयॉर्कमधल्याच एका छापखान्यात छापलेले निघाले. त्याच वर्षी व्हेलननं ती खुर्ची सोडली. शहराची तारीफ करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बनावट कागद ओळखता आला नाही, की ओळखायचाच नव्हता? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. आमच्याही टेबलावर असे कागद येतात, आणि आपण ते खालून वर पाठवतो.

पण माणूस संपला नाही. १९३५नंतर न्यूयॉर्कमध्ये भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाच्या कंपनीचा अध्यक्ष झाला. प्रदर्शनाची जागा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं कोरोना, म्हणजे राखेचं डंपिंग ग्राउंड. राख हटवून जमीन सपाट केली ती उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांच्या यंत्रणेनं. व्हेलननं ती 'उद्याचं जग' म्हणून जगाला विकली. ३० एप्रिल १९३९ला प्रदर्शन उघडलं. दोन हंगामांत साडेचार कोटींच्या आसपास लोक आले, तरी हिशेब बसला नाही. रोखेधारकांना डॉलरमागं चाळीसेक सेंट मिळाले. जाहिरात फुगली होती, फसली. पण जमीन उरली. तिथल्याच न्यूयॉर्क सिटी बिल्डिंगमध्ये १९४६ ते १९५० संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरत होती. आज तिथं संग्रहालय आहे, आणि भोवती मोठं उद्यान.

मंत्रिमहोदय, आपल्या शहरांत असा माणूस कोण? कमानीवर आमदार, दिव्याच्या खांबावर नगरसेवक, खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस चेहरे. शहर कुठंच नाही. १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरकारी जाहिरातींतले फोटो राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांपुरते मर्यादित केले होते. मार्च २०१६मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही जागा मिळाली, म्हणजे तुमचीही सोय झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण फ्लेक्सबद्दल आहे. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा १९९५पासून आहे, आणि फ्लेक्स काढायला गेलेल्या आमच्या गाडीचा रस्ता कोण अडवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मागणं थोडं आहे. जनसंपर्क अधिकारी हे पद 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून कुणाच्याही गळ्यात बांधू नका. शिकलेला, पूर्णवेळ माणूस भरा. खुलाशावर त्याची नको, त्या खात्याच्या प्रमुखाची सही असू द्या, आणि जागेवर जाऊन काढलेला फोटो तारखेसह जोडलेला असू द्या. नाला साफ झाला नसेल तर 'झाला नाही, अमुक तारखेला होईल' असं छापायची त्याला मुभा द्या. व्हेलनच्या पोशाखाची नक्कल कुणीही करील. मला हवी आहे ती राख हटल्यावर निघणारी प्रेसनोट.

त्या जूनचं कात्रण मी जपून ठेवलं आहे. दालनात बोलावलंत तर घेऊन येईन, फूल-हार न आणता.

आपला,
एक निवृत्त पालिका कर्मचारी